घोडीच्या गळ्यातली गाठ

मी पुनावळ्यातला कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर. घोड्याला शेवटचा हात लावला तो कॉलेजात, तोही परीक्षक बघत होते म्हणून. तरी चाकणजवळच्या एका गावातून घोडी बघायला बोलावणं आलं, तेव्हा रविवार होता आणि फ्लॅटवर बोलायला फक्त भिंती होत्या. मी लगेच "येतो" म्हणालो.

घोडी म्हातारी. एकेकाळी शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलगाड्यांच्या पुढं पळायची. आता एका कंपनीच्या भिंतीला टेकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि तिचे मालक आजोबा, दोघंच. त्यांचा मुलगा हिंजवडीला राहायचा, तो मुद्दाम आला होता. मी घोडीचा गळा चाचपला. जबड्यामागं अंड्याएवढी गाठ लागली. लगेच मी रुबाबात बोललो, "थायरॉईड. गंभीर दिसतंय."

झालं! आजार वाढायच्या आत घोडी विकायची म्हणून मुलगा गिऱ्हाईकाला फोन लावायला बाहेर गेला. आजोबा तिच्या आयाळीतलं गवत वेचत राहिले.

घरी येऊन पुस्तक उघडलं. म्हाताऱ्या घोड्यांना अशा गाठी सर्रास होतात, बहुतेक निरुपद्रवी असतात. हे पहिल्याच परिच्छेदात होतं.

दुसऱ्या दिवशी मित्राचं सोनोग्राफी मशीन मागून घेतलं आणि पुन्हा शेडवर गेलो. प्रोब टेकवायला थोडे केस काढायचे असतात. मी घाबरून अर्धा गळा भादरला.

"दाढी करताय व्हय तिची?" आजोबा म्हणाले.

श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना ग्रंथी दिसली. डावी बेताची, उजवीत गोल गाठ. रक्त लॅबला पाठवलं. थायरॉईडची पातळी, साखर, लिव्हर, सगळं ठीक. चरबी तेवढी जास्त, ती माझीही आहे.

मुलाला फोन केला. "माझं चुकलं. गाठ आहे, आजार नाही."

"एकदा काय ते ठरवा ना राव! गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"डॉक्टर येडा आहे म्हणून सांगा."

तो हसला. "बरं. राहू दे मग आमच्या अण्णांजवळ."

रिपोर्ट फोनवर पाठवता आला असता. तरी पुढच्या रविवारी मी तो हातात घेऊन गेलो. आजोबांनी चहा ठेवला. मी हळूच म्हणालो, "दर महिन्याला येऊन सोनोग्राफी करत जाईन. गाठ वाढते का बघायला."

"आन् वाढली तर?"

"तरी बहुतेक काही करावं लागत नाही."

"गाठ तिला तरास देत न्हाई म्हनता, मंग तुमी कशाला देताय?"

मी चहा जमेल तितका सावकाश प्यायलो. आजोबा तोवर घोडीशी बोलायला लागले होते.