वाटीभर रंग

कळंबला आमच्या गल्लीतली सगळी घरं एकच पेंटर रंगवतो. बोलताना तो माणसाकडं बघत नाही, भिंतीकडं बघतो. रंग ठरण्याआधी विचारतो, "सर, इथं सकाळी कोण बसतं?" या नसत्या चौकशा त्याला कशाला पाहिजेत, असं मला दरवेळी वाटायचं.

त्याची दुसरी खोड जास्त खटकायची. डबा उघडला की तो आधी वाटीभर रंग आपल्या बरणीत काढून घरी न्यायचा. हटकलं तर म्हणायचा, "बघावं लागतंय." असा घराघरातून रंग जमवून हा स्वतःचं घर फुकटात रंगवत असणार, याची मला खात्रीच होती.

यंदा बैठकीच्या खोलीसाठी मी झगझगीत पिवळा आणला. घरात आलं की प्रसन्न वाटलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. त्यानं वाटीभर रंग नेला आणि आठ दिवस तोंड दाखवलं नाही. शेवटी त्याची चोरी पकडायची म्हणून मी त्याच्या घरी गेलो.

तो बाहेर गेला होता. बायकोनं आत बसवलं. घराला रंग नव्हताच. समोरच्या सिमेंटच्या भिंतीवर हातरुमालाएवढे चौकोन होते. शेजाऱ्यांचा पोपटी मी ओळखला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा गुलाबीही. माझा पिवळा खिडकीसमोर होता, भर उन्हात.

"तुमचा व्हय हा?" पाणी देत ती म्हणाली. "लई झोंबतोय डोळ्याला. आठ दिस झालं, आमी भिताडाकडं पाठ करून जेवतोय."