पाच पिल्लांच्या गळ्यातली गाठ

अठरा एप्रिल, सकाळचे अकरा. मी माझ्या हरणी कुत्रीच्या पाच पिल्लांच्या गळ्यात रंगीत दोरे बांधत होते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. जे झालं ते फक्त सांगते.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. आम्हाला उदगीरला टँकर. लोक घागरी रांगेत लावायचे आणि ‘उदगीर जिल्हा होणार’ यावर वाद घालायचे. मी बारा वर्षं घरातच कारवानी कुत्र्यांची पैदास करत होते. शिकवलं देगलूरच्या अक्कांनी. नातं काही नाही, सगळेच त्यांना अक्का म्हणायचे.

कारवानीची पिल्लं दिसायला सारखी, म्हणून ओळखीला प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा. अक्कांची गाठ वेगळी होती – पिल्लाची मान वाढेल तशी सरकायची, पण सुटायची नाही की आवळायची नाही. माझी साधी गाठ दर तीन दिवसांनी सोडून बांधावी लागते. कितीदा म्हणाले, अक्का, शिकवा.

“तू शिकून काय करतीस? मी हाय की यायला.”

आणि दर वेताला एसटीनं यायच्या. पाठमोऱ्या बसून पाच मिनिटांत गाठी मारून मोकळ्या.

फेब्रुवारीत अक्का गेल्या. तेराव्याला उमरीची सुनंदा शेजारी जेवायला बसली. तीही अक्कांकडेच शिकलेली, पण माझ्यानंतर पाच वर्षांनी. वरण वाढून घेत सहज म्हणाली, “ती गाठ येती मला. अक्कांनी शिकवली.”

पुढचं मी काही ऐकलं नाही. बारा वर्षं अक्कांचे गुडघे मी चेपले… आणि गाठ दिली उमरीला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, हरणी गाभण आहे तेवढं शेवटचं वेत, मग धंदा बंद. त्याला पाण्याचं कारण दिलं. खरं कारण सुनंदा.

तर, त्या दिवशी माझ्या साध्या गाठी मारून झाल्या आणि टँकर आला. नवरा ड्युटीवर नांदेडला. ग्रिलला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. रांग दारासमोरच होती, घर नजरेसमोर. अर्ध्या तासानं पाणी भरून आत आले, काळ्या दोऱ्याचं पिल्लू उचललं…

दोऱ्याला अक्कांची गाठ.

पाचही पिल्लं पाहिली. पाचही दोऱ्यांना तीच. हरणी पिल्लांना नवऱ्यालाही हात लावू देत नाही, गुरगुरते. ती निवांत पडून शेपटी आपटत होती.

मी सरळ सुनंदाला फोन लावला. “माझ्या घरात शिरलीस कशी?”

“ताई, मी उमरीच्या बाजारात उभी हाय. झालं काय?”

मागे भाजीवाल्यांचा ओरडा ऐकू येत होता. सगळं सांगितलं.

मग म्हणाली, “अक्का माझ्याकडं एकदाबी आल्या न्हाईत. म्हणल्या, उमरीला यायचं मला जमायचं न्हाई, तू शिकून घे. तुमच्याकडं मात्र दर खेपेला. लई राग यायचा मला तुमचा.”

मी फोन ठेवला.

मीच नकळत तशी बांधली असेल, असं नवरा म्हणतो. नंतर कितीदा बसून पाहिलं – ती गाठ मला येत नाही. कुलूप तसंच होतं, किल्ली माझ्याकडे होती. याच्यापुढे माझं डोकं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरची ‘कारवानी पिल्ले मिळतील’ ही पाटी काढली. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन हरणीच्या नसबंदीच्या ऑपरेशनचं विचारून आले. मग सुनंदाला फोन केला.

“पिल्लांचं दूध तुटलं की ये. काळ्या दोऱ्याचं तुझं.”

“दोऱ्यासकट?”

“दोरा मी काढून ठेवणार.”