मामांच्या थिएटरात कुणी मरत नसे

माझ्या बायकोच्या मामांनी आपल्या हयातीत एकाही माणसाला मरू दिलं नाही. डॉक्टर होते का? छे हो! जळगावात थिएटर चालवायचे. थिएटर मालकीचं एका मारवाडी शेठचं. पण शेठचा सगळा जीव कापसात. दिवाळीला लक्ष्मीपूजनापुरते यायचे, पेढा खायचे आणि पडद्याकडे पाठ करून निघून जायचे. बाकी वर्षभर तिथे राज्य मामांचं, आणि त्या राज्यात मरायला सक्त मनाई होती. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता म्हणा.

लग्नानंतर नोकरीनिमित्त मी जळगावला राहायला आलो आणि मामांनी मोठ्या मानानं सिनेमाला बोलावलं. "जवाईबापू, बाल्कनीत बसा, पंख्याखाली." तो सिनेमा मी पुण्यात पाहिला होता. शेवटी नायकाला गोळी लागते, तो नायिकेच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतो. मी आधीच रुमाल काढून बसलो होतो. गोळी सुटली, नायक कोसळला आणि पुढच्याच क्षणी गडी मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा! वर सनई! मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. आजूबाजूला लोक टाळ्या पिटत होते. खाली धावत जाऊन मी म्हटलं, "अहो मामा, हा तर मरतो!" मामांनी मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. "हळू बोला. पुण्यात मरत असेल. इथे लोक माझ्या भरवशावर येतात. बाया लेकरं घेऊन येतात. त्यांना रडवून घरी पाठवू का मी?" 

पुढे कळलं की ही सगळी रीतसर पद्धत होती. सिनेमाचे डबे भुसावळहून सकाळच्या गाडीनं यायचे. पहिल्या खेळाआधी रिकाम्या थिएटरात मामा एकटे बसून सिनेमा बघायचे. पडद्यावर कुणाचा श्वास लागला, कुणी "आता मी वाचत नाही" म्हणालं की मामा टाळी वाजवायचे, आणि वर खोलीत ऑपरेटर त्या जागी कागदाचा कपटा अडकवायचा. मग कात्री. सिनेमाचा शेवटच मरणाचा असेल, तर त्यातलंच आधीचं एखादं लग्न काढून तिथे जोडायचं. कापलेले तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सिनेमाचं नाव टाकून खिळ्याला टांगायचे, आणि डबे परत जाताना पुन्हा जिथल्या तिथे चिकटवायचे. खलनायकालासुद्धा ही सवलत होती. तो शेवटच्या मारामारीत कड्यावरून पडायच्या आत गायबच व्हायचा. कुठे गेला म्हणून विचारलं, तर पुढच्या स्वस्त बाकांवरचे, पिटातले लोक खुशाल सांगायचे, "सुरतेला पळाला असंन." भुसावळचे पाव्हणे आणि जळगावचे यजमान यांच्यात एकाच सिनेमावरून कडाक्याची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. एक म्हणायचा, आई मेली. दुसरा म्हणायचा, कशी मेली, मी स्वतः तिला नातवाला खेळवताना पाहिलंय!

एकदा मात्र घोळ झाला. ऑपरेटरनं घाईत एका सामाजिक सिनेमातली प्रेतयात्रा भलत्याच डब्यात, पौराणिक चित्रपटात चिकटवून टाकली. पुढच्या गावी देवाच्या लग्नात, अक्षता पडताहेत तोच, धोतर-टोपीवाले चार जण तिरडी घेऊन आले! तिथली बायामाणसं किंचाळत बाहेर पळाली म्हणे. भुसावळहून वितरकाचा माणूस तणतणत आला. मामांनी त्याला काही बोलूच दिलं नाही. आधी वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर ठेचा. तो नाक पुसत पुसत जेवला आणि "पुन्हा असं नको" एवढंच म्हणून गेला. मी म्हटलं, "मामा, थिएटर बंद पडेल एखाद दिवशी." तर म्हणतात, "पडू द्या. पण आपल्या गावात कुणी रडलं नाही ना?"

थिएटराबाहेरही तीच तऱ्हा. वर्तमानपत्र आधी त्यांच्याकडे जायचं, मग आमच्याकडे यायचं; येईतो निधनवार्तांच्या जागी खिडकी पडलेली असायची. कुणाकडे दुःखाला गेले तर रावेरच्या केळीच्या घडांबद्दल बोलून यायचे. थिएटरात बायकांच्या बाजूला कुणी हुंदका दिला की बॅटरी घेऊन स्वतः जायचे, "ताई, पाणी प्या, पुढच्या रिळात समदं चांगलं होतं." मला वाटायचं, माणूस भित्रा आहे. बायकोला तसं म्हटलंही.  तिनं सांगितलं की तिची आई आणि मामा धुळ्याच्या गिरणीच्या चाळीत वाढले. त्यांच्या पाठीवर शेवंता म्हणून एक बहीण होती. ती लहानपणीच तापानं गेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी काढलेलं नाही. "आईसमोर तर नाहीच नाही," बायको म्हणाली. "मामांनी मला तशी शपथच घातलीय."

आणि नेमका तसलाच सिनेमा आला. शहरातली चाळ, उघडं गटार, बापाची गिरणी बंद, आई धुणीभांडी करते, आणि तीन भावंडं अर्ध्या भाकरीवर मोठी होताहेत. त्यातली धाकटी तापानं आजारी पडते. भाऊ तिच्यासाठी दूध आणायला पळतो, आणि तो परत येईतो ती गेलेली असते. मामांनी सकाळी तो सिनेमा पाहिला आणि, ऑपरेटर सांगत होता, टाळी वाजवायलासुद्धा त्यांचे हात उठले नाहीत. नुसते ओरडले, "काप! ते समदं काप!" त्यामुळे जळगावात ती पोरगी तापानं फणफणायची आणि पुढच्या क्षणी भाऊ मिसरूड फुटलेला दिसायचा. धाकटीचं काय झालं? लोकांनी आपसात ठरवून टाकलं की तिचं लग्न होऊन ती सासरी गेली असेल.

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई धुळ्याहून आमच्याकडे आल्या. शेजारणीनं त्यांना आल्या आल्या सांगितलं, "चाळीचा सिनेमा लागलाय, तुमच्या भावाकडेच." सासूबाई म्हणाल्या, "बघू की." मामांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. घाम फुटला होता हो! मला म्हणाले, "जवाईबापू, अक्काला थांबवा. काहीही सांगा. थिएटरात साप निघाला सांगा." पण सासूबाईंना थांबवणारा माणूस खानदेशात जन्माला यायचा होता. दुपारच्या खेळाला त्या पदर खोचून बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या. मामा दाराशी खांब धरून उभे राहिले. मी त्यांच्याजवळ.

पोरगी फणफणली. भाऊ दुधाला पळाला. आणि झाला की एकदम मिसरूडवाला! सासूबाई उभ्या राहिल्या. भर थिएटरात, खणखणीत अहिराणीत: "ओ भाऊ! पोरगी कोठे शे?"

लोक हसले. सासूबाई पुन्हा ओरडल्या, "मी इचारी राह्यनू, पोरगी कोठे शे? मरी गई ना ती? मंग दखाड ना!"

मी हबकून गेलो. ज्या बाईसमोर एक नाव काढायची घरात कुणाची छाती नव्हती, ती बाई पाचशे माणसांत मरण दाखव म्हणत होती! मामा सासूबाईंना कसंबसं आपल्या खोलीत घेऊन आले. मागून मी. सिनेमा पुढे चालूच होता, भिंतीपलीकडून गाणं ऐकू येत होतं.

"अक्का, तुला रडताना मला बघवणार नाही," मामा म्हणाले.

"मी रडूच नये का? बहीण होती माझी. तिचं नावसुद्धा घ्यायचं नाही? आई नाव घेत नव्हती, तू घेत नाहीस, माझ्या लेकीच्या तोंडाला कुलूप घातलंस. मी कुणापाशी रडू?"

मामा खुर्चीत बसले आणि जे बोलले ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. "तू मला बर्फ आणायला धाडलं होतंस. तिच्या डोक्यावर ठेवायला. बर्फ घेऊन परत येताना वाटेत तंबूचा सिनेमा लागला होता. कनातीला भोक होतं, मी डोळा लावून उभा राहिलो. बर्फ पोत्यात वितळत होता, माझे पाय ओले झाले, तरी मी उभा. घरी आलो तर ती गेलेली. मी मारलं तिला, अक्का. कोणत्या तोंडानं तिचं नाव घेऊ?"

   सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"अरे येड्या! तू निघालास तेव्हाच ती गेलेली होती."

मामांनी मान वर केली.

"माझ्या मांडीवरच गेली. आई नळावर होती, तिलासुद्धा अजून ठाऊक नव्हतं. मला सुचेना. आता आई टाहो फोडणार, माणसं जमणार, लेकराला उचलून नेणार, आणि तू दारात पतंग चिकटवत बसलेला. मनात आलं, ह्याला हे दिसायला नको. म्हणून म्हटलं, जा, बर्फ आण. मुद्दाम लांबचा कारखाना सांगितला. तू तंबूपाशी थांबलास ते देवानंच थांबवलं. उलट तू इतक्या लवकर कसा आलास म्हणून मलाच तुझा राग आला होता."

 मामा खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. मी आजवर या माणसाला हसत आलो होतो, चारचौघांत त्याच्या नकला करत आलो होतो.  बारा-तेरा वर्षांच्या एका पोरीनं भावाला दुःख दिसू नये म्हणून त्याला घराबाहेर काढलं, आणि तो उभा जन्म तेच दुःख पोत्यासारखं पाठीवर घेऊन हिंडला. दोघांनी एकमेकांना जपता जपता केवढा हा छळ करून घेतला!

दुपारचा खेळ सुटला. मामा स्वतः वर गेले. खिळ्यावरचा कागद सोडून त्यांनी तो तुकडा ऑपरेटरच्या हातात दिला आणि म्हणाले, "लाव." रिकाम्या थिएटरात भाऊ-बहीण शेजारी बसले, मी मागे. ते एकच रीळ चाललं. पडद्यावरची पोरगी गेली. सासूबाई मोठ्यानं रडल्या, आणि मामाही. रीळ संपलं, दिवे लागले, तरी दोघं उठेनात. बाहेर सहाच्या खेळाची गर्दी दार वाजवायला लागली. मी दोघांसाठी चहा घेऊन गेलो. मामांनी बहिणीचा हात घट्ट धरला होता आणि ते विचारत होते, "फ्रॉक कुठला होता गं अंगात? काही बोलली का? मग? मग काय झालं?" आणि सासूबाई डोळे पुसत पुसत त्यांना एकेक सांगत होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. मी कप तसेच हातात धरून परत फिरलो, आणि दाराशी येऊन लोकांना म्हटलं, "थांबा थोडं. आत अजून चालू आहे."