चौथी ओळ

श्यामसुंदर पाठराबे यांना जबलपूरच्या मदन महल भागातल्या एका गल्लीत सगळे मास्टरजी म्हणत, आणि ते कधीच मास्तर नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी संरक्षण कारखान्यात तपासनिसाची नोकरी केली. मापात केसभर चूक दिसली की नगावर लाल पट्टा मारायचा आणि तो बाजूला टाकायचा, एवढंच काम. मास्टरजी हे नाव पडलं ते रविवारच्या मराठीच्या वर्गामुळे. जबलपुरातली आपली पोरं हिंदीत विचार करतात आणि मराठीत तोंड उघडतात, याचा त्यांना भारी संताप. म्हणून घरच्या व्हरांड्यात सतरंजी घालून ते दहा-बारा मुलांना शिकवत. लाल रंगाचा डबा तिथेही सोबत असल्यासारखाच. बोलता बोलता ‘अच्छा’ निघालं की अर्धा गुण गेला, ‘चलो’ निघालं की आणखी अर्धा. घराणं सहा पिढ्या नर्मदेचं पाणी पीत होतं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

२००८च्या एप्रिलमध्ये त्यांनी वर्गाची तोंडी परीक्षा घेतली आणि नव्या कॉम्प्युटरला माइक लावून ती रेकॉर्ड केली. त्यांची स्वतःची मुलगी पूर्णिमा त्यात होती, अकरा वर्षांची. शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा होता. एका शब्दाला बापाने तिला शून्य दिलं. ती तिथेच भांडली, “काहून शून्य? मी बरोबरच तर बोलून राहिली!” ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटल्याबद्दल मास्टरजींनी अर्धा गुण आणखी कापला. बाकीची पोरं हसली. पोरगी दोन दिवस बापाशी बोलली नाही.

त्याच वर्षी भाद्रपदात पाच दिवसांच्या तापात पूर्णिमा गेली. वर्ग बंद झाला. कॉम्प्युटरवर जुनी चादर पडली ती पडलीच. घरात तिचे फोटो होते, फ्रॉक होते, आवाज मात्र त्या चादरीखालीच राहिला. तो ऐकायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

या हिवाळ्यात मटार सोलता सोलता त्यांची बायको सुमेधा एकदम थांबली.

“अहो, पूर्णिमाचा आवाज कसा होता? मला आठवूनच नाही राहिला.”

मास्टरजींनी आठवून पाहिलं. त्यांनाही आठवेना. भीती वाटली त्यांना, सरळ सांगायचं तर. लेक एकदा गेली ती गेली, आता उरलीसुरलीही जायला निघाली होती. त्यांनी चादर काढली, बटण दाबलं. आतून टक टक असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या डब्यातली हार्ड डिस्क काढून, रुमालात बांधून ते ऑटोने घमापुरला गेले. तिथे विक्की नावाचा चाळिशीचा माणूस बिघडलेल्या डिस्कमधून फाइली काढून द्यायचा. सुमेधेच्या भाचीने त्याचं नाव सुचवलं होतं. विक्कीने डिस्क कानाला लावली.

“अंकलजी, ये तो आखिरी साँसें ले रही है. सब कुछ नहीं बचेगा. जो ज़रूरी हो, काग़ज़ पे लिख दो. पहले वही उठाऊँगा.”

इथे मास्टरजींनी नुसतं म्हणायचं होतं, बाबा रे, माझी मुलगी वारली आहे, तिचा आवाज आहे आत. एका वाक्याचं काम. पण सोळा-सतरा वर्षांत परक्या माणसासमोर त्यांनी पूर्णिमाचं नाव काढलं नव्हतं. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर रडायची लाज वाटली. म्हणून त्यांनी खिशातून पेन काढून, आपल्या ठसठशीत अक्षरात, फोल्डरची नावं एकाखाली एक लिहिली. आधी साधीसुधी लिहिली, म्हणजे चौथ्याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही, कोणी काही विचारणार नाही.

पेन्शनचे कागद
गणेशोत्सव फोटो
सुमेधाचे रिपोर्ट
निकाल

वर्गाच्या परीक्षा, गुणपत्रकं आणि ते सगळं रेकॉर्डिंग या शेवटच्या फोल्डरात होतं.

चार दिवस घरात सणासारखे गेले. सुमेधेने भाचीकडून छोटा स्पीकर आणवला. टेबल पुसलं, दोन खुर्च्या जवळ ओढल्या. मास्टरजींना रागवायलासुद्धा कारण सापडेना.

पाचव्या दिवशी विक्कीने बोलावलं आणि पेन ड्राइव्ह हातात ठेवला.

“लो अंकलजी, तीनों फोल्डर निकाल दिए.”

“तीन? चार लिहिले होते मी. चार.”

विक्कीने चिठ्ठी शोधून काढली, पाहिली, उलटी करून पाहिली. “तीन ही तो हैं. पेन्शन, गणेशोत्सव, रिपोर्ट. नीचे आपने लिखा है, निकाल. तो निकाल दिए.” मग जरा हसून म्हणाला, “मैंने सोचा, बुज़ुर्ग आदमी हैं, ‘निकालो’ की जगह तू करके लिख दिया तो क्या हुआ.”

मास्टरजींनी चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली. ते चार अक्षरांत तेरा चुका काढणारे गृहस्थ, आणि ही चूक त्यांच्याच हातची. ते म्हणाले, “हमारी मराठी में निकाल मतलब रिज़ल्ट.”

विक्कीचा चेहरा उतरला. तिसरा फोल्डर उतरवून होताच डिस्क बसली होती. बाकी काही मागितलंच नव्हतं, तेव्हा त्याने ती उघडून पाहिली होती. त्याने ती पुढे केली. चकचकीत चकतीवर एक राखाडी कडं उमटलं होतं.

“दिल्ली भेज दें?” मास्टरजींनी विचारलं.

“छिल गई है, अंकलजी. अब कुछ नहीं है इसमें. क्या था?”

मास्टरजींनी अंगठा त्या कड्यावरून फिरवला. कारखान्यात असा नग हातात आला असता तर लाल पट्टा मारायला त्यांनी क्षणभरही विचार केला नसता. “परीक्षा थी,” ते म्हणाले आणि चिठ्ठी खिशात घालून निघाले.

सुमेधा दारातच उभी होती. त्यांनी आत येऊन सगळं सांगितलं, काही न लपवता, चिठ्ठीही टेबलावर ठेवली. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला मी, असं दोनदा म्हणाले. सुमेधेने चष्मा लावून त्या चार ओळी वाचल्या. चौथीवर तिचं बोट थांबलं.

“तुम्हाला आठवतं का, शून्य कोणत्या शब्दाला दिलं होतं?”

“नाही. तेच ऐकायचं होतं.”

“याच्यालेच दिलं होतं,” ती म्हणाली. “मी आत पोळ्या करून राहिली होती, मला ऐकू आलं. निकाल, वाक्यात उपयोग कर, म्हटलं तुम्ही. आणि ती म्हणाली...”

 सुमेधेने आवाज बारीक केला, जमेल तितका लहान मुलीसारखा.

“आई, डब्यातून एक लाडू निकाल.”

दोघं कान देऊन बसली. पण तो आवाज सुमेधेचाच होता.