सतरा नंबरचा बिल्ला

लक्ष्मणभाऊ गेल्याची बातमी भीमपूरच्या बसच्या कंडक्टरनं सांगितली, तेव्हा मी पोहे खात होतो. खातच राहिलो. महिना झाला, लिहायला बसतो आणि मान खाली जाते...

ते आदिलाबादच्या अग्निशमन केंद्रात होते आणि मी एका जिनिंग फॅक्टरीत हजेरी मास्तर. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कापूस पेटला की धुरात अडकलेला माणूस दिसत नाही, यावर उपाय शोधण्याचा त्यांनी ध्यासच घेतला होता. जुन्या टेपरेकॉर्डरचा माइक त्यांनी खोबरेल तेलाच्या डब्यात बसवला, त्याला वायर आणि कानात घालायचं बटण जोडलं. डबा भिंतीला लावला की पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येई. चाचणीसाठी त्यांनी मलाच गोदामात बसवून खोकायला लावलं होतं. मी त्यांना ‘भिंतींचा डॉक्टर’ म्हणायचो. कामावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि तेही हसायचे.

आमच्या दाराशी खिळ्यांचा फळा होता. आत जाताना प्रत्येकीनं आपला पत्र्याचा बिल्ला टांगायचा, जाताना काढून पेटीत टाकायचा. आत कोण आहे ते फळ्यावरून कळायचं. पण सकाळी दारात गर्दी नको म्हणून मीच सगळे बिल्ले आधी टांगून ठेवायचो. रोज येतातच की सगळ्या...

एका दुपारी गोदाम पेटलं. बाहेर आलेल्या एकेकीला मी बिल्ला काढून दिला. सतरा नंबर उरला, गंगूबाईचा. ती आज दिसलीच नाही असं एक जण म्हणाली, तिला मी गप्प केलं. बंबाबरोबर आलेले लक्ष्मणभाऊ डबा भिंतीला लावून बराच वेळ ऐकत होते.

“मास्तर, आवाज नाही येऊन राह्यला. आत कोणी नसन.”

“बिल्ला हाय ना फळ्यावर,” मी म्हणालो. “तुमच्या डब्याचं ऐकू का आता?”

ते आत गेले. कोणी सापडेना म्हणून पुन्हा गेले. गंगूबाई तामसीला लेकीकडे होती. दुसऱ्या दिवशी ती बसमधून उतरली तेव्हा भाऊ दवाखान्यात खोकत होते. तो खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

चौकशीत मी सांगितलं, बिल्ला फळ्यावर नव्हताच, धुरात भाऊंची नजर चुकली असेल. बिल्ला गडबडीत कुठंतरी हरवला होता, आणि त्याबद्दल मी देवाला नारळही फोडला होता. भाऊ शेजारच्याच खुर्चीवर होते. साहेबांनी विचारल्यावर म्हणाले, “असन साहेब. धूर लय होता.” पुढं कितीतरी वर्षं ते माझ्याकडे चहाला येत राहिले. मी एकदाही तोंड उघडलं नाही. लाज वाटायची, पण नोकरी जास्त प्यारी होती.

परवा भाऊंच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी तो डबा माझ्यापुढं ठेवला.

“मास्तरले देजो म्हणत होते. दुसरं काई बोलले नाही.”

घरी येऊन झाकण काढलं. माइकखाली, कापसात नीट गुंडाळलेला, सतरा नंबरचा बिल्ला होता. त्या दुपारी फळ्यावरून त्यांनीच तो काढला असणार... म्हणजे चौकशीत मी बोलत होतो, तेव्हा तो त्यांच्या खिशातच होता.