भोपळ्याची फुलं

आमच्या कुरुळीत एक मावशी होती. कुणाच्या भोपळ्याला फळ धरेना, की सकाळीच तिला हाक जायची. ती नुसत्या देठाचं फूल तोडायची, त्यातली पिवळी पूड बुडाशी गाठ असलेल्या फुलात हलक्या हाताने लावायची आणि वेलाला म्हणायची, "धर गं बाय." मग ती गाठ वाढून भोपळा व्हायचा.

तिला स्वतःला मूल नव्हतं, म्हणून सासूबाईंनी माझ्या लेकीच्या बारशाला तिला बोलावलं नाही. पुढं आमचाच वेल फळेना, तेव्हा मात्र त्यांनी निरोप धाडला.

मावशी दारातच थांबली. "माझा हात चालंल व्हय?"

"वेलाला चालतो," सासूबाई म्हणाल्या.

घरात माझी लेक रडत होती. मावशी परसात जाऊन, खाली मान घालून फुलं शोधत राहिली.