तावडेकाकांची सही

रविवार, २२ नोव्हेंबर १९८७. सकाळचे साडेसात. मुलुंड, आमच्या इमारतीचा दुसरा मजला, तावडे यांचं घर. हजर : तावडेकाकू, बोरिवलीहून आदल्या दिवशी आलेली त्यांची मुलगी सुमन, माझे यजमान आणि मी. डॉक्टर येऊन गेले होते. दत्ताराम तावडे यांचं नाव हजर असलेल्यांत लिहावं की नाही, यावर माझं पेन थोडा वेळ अडलं... शेवटी लिहिलं नाही. अशा वेळीही मी वही घेऊन बसते, हे नवख्या माणसाला विचित्र वाटेल. काकूंना वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "लिही गो, कोणाकोणाला कळवायचं ते. त्यांना तुझ्या याद्या आवडायच्या."

आवडायच्या म्हणजे, ते त्यांची थट्टा करायचे. मी दारात उभी राहिले की "इली यादी" असं आतूनच म्हणायचे. काका मालवणकडचे. एका सरकारी छापखान्यात तीस वर्षं छपाईचे खिळे जुळवून निवृत्त झाले होते. शिशाची उलटी अक्षरं सुलट वाचण्याची सवय इतकी अंगात भिनलेली, की टेबलापलीकडून माझी वही त्यांना उलटी दिसत असतानाही ते तिच्यातल्या चुका सांगत. आमच्या इमारतीची कुठलीही नोटीस त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय लागत नसे. एकदा मी पाणी बंद राहण्याच्या नोटिशीत तारीखच टाकायला विसरले, तर त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात "कधी ते देवास ठाऊक" असं लिहून ती लावून टाकली. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

मला सांगायचंय ते मात्र चौऱ्याऐंशीच्या लोकसभा निवडणुकीबद्दल. त्या वेळी आमच्या भागात एका उमेदवाराची पत्रकं घरोघरी वाटली गेली. खाली मुद्रकाचं नाव नव्हतं. काकांनी ते पत्रक चष्मा कपाळावर सारून, अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि मला हाक मारली. मथळ्यातल्या 'ळ'वर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो ळ माझो." मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. मोठ्या मथळ्यांच्या त्या टाइपातल्या 'ळ'चं उजवं वेटोळं खाली चिरलेलं होतं, आणि ती चीर त्यांच्या डोळ्यांदेखत पडलेली होती. तो खिळा बदलून मिळावा म्हणून त्यांनी नोकरीत असताना दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा पैसे नाहीत म्हणून अर्ज परत आला होता. म्हणजे एका उमेदवाराच्या प्रचाराची पत्रकं सरकारी छापखान्यात, सरकारी कागदावर, सरकारी पगारावरच्या माणसांकडून छापून घेतली गेली होती. खिळ्याला पैसे नव्हते आणि याला होते, याचा काकांना राग आला. पण त्याहून मोठा राग वेगळाच होता. ते म्हणत, प्रचाराला जनतेचा पैसा द्यायचाच असेल तर कायदा करा, सगळ्यांना सारखा द्या, माझी हरकत नाही. पण कोणी तरी एका खोलीत बसून एकालाच द्यायचं ठरवलं, ते कुठल्या अधिकारात? हे कोर्टाने तपासावं.

तो उमेदवार निवडून आला. निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत कोणीही मतदार हायकोर्टात निवडणूक याचिका दाखल करू शकतो, हे काकांनी शोधून काढलं. एका वकिलाकडे गेलो. त्यांनी एका 'ळ'वर खासदारकी जात नसते असं सांगून आम्हाला चहा पाजला आणि परत पाठवलं. घरी काकूंचं वेगळंच. काकांची पेन्शन सरकारी. उद्या कोणी ती अडकवली तर? त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पेन्शन बंद झाली तर ह्या ळची आमटी करून वाढू काय तुमका?" काकांनी शांतपणे विचारलं, "मीठ जरा कमी घालशील?" काकू हसल्या आणि त्यांनी विरोध सोडला असं मी धरून चालले. खरं तर त्यांनी तो सोडला नव्हता. त्या फक्त गप्प झाल्या होत्या, हे मला अलीकडे कळलं.

वकील नाही म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं. मी निमसरकारी कचेरीत स्टेनो. मसुदा काका मराठीत सांगायचे, मी इंग्रजी करायची, आणि संध्याकाळी ओळखीच्या टायपिंग क्लासच्या मशीनवर बसून टाइप करायची. माझ्या नोकरीत असल्या राजकीय भानगडीत पडायला सक्त मनाई होती. म्हणून माझं नाव कुठेही येणार नाही असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मी यादी केली : मूळ याचिका, पत्रक जोडलेलं, प्रतिज्ञापत्र, अनामतीची पावती, विजयी उमेदवाराला द्यायची प्रत. त्या प्रतीवर 'ही खरी प्रत आहे' असं लिहून खाली याचिकाकर्त्याने स्वतः सही करायची असते. काकांनी केली. माझ्यासमोर, आमच्या जेवणाच्या टेबलावर, शाईचा डाग पडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घेऊन. मी यादीत खूण केली. त्रेचाळिसाव्या दिवशी आम्ही फोर्टात जाऊन कागद दिले. काकांनी तपकिरी कोट घातला होता. परतताना त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि दोन ग्लास स्वतः प्यायले.

काही महिन्यांनी तारीख लागली. मी किरकोळ रजा टाकून शेवटच्या बाकावर बसले. समोरच्या वकिलांनी उठून पत्रकाबद्दल एक अक्षर काढलं नाही. ते एवढंच म्हणाले, की आमच्या अशिलाला मिळालेल्या प्रतीवर याचिकाकर्त्याची सहीच नाही, आणि कायद्यात याला माफी नाही. न्यायमूर्तींनी प्रत मागवून पाहिली. काका वकिलाशिवाय उभे आहेत हे पाहून त्यांनी मराठीत विचारलं, या प्रतीवर सही का नाही? काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. माझा चेहरा पांढरा पडला असणार, कारण सही झालेली मी पाहिली होती आणि ती कुठे गेली ते मला त्या क्षणी आठवत नव्हतं. काका पुन्हा समोर वळले.

"मी केली नाही, साहेब. राहून गेली."

"प्रती कोणी तयार केल्या?"

"मीच केल्या."

न्यायमूर्तींनी त्या स्वच्छ इंग्रजी टंकलेखनाकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि आणखी काही विचारलं नाही. याचिका फेटाळली गेली. पत्रक कुठे छापलं, कोणी ठरवलं, कोणाच्या पैशाने, यातल्या एकाही प्रश्नात कोर्ट शिरलं नाही. शिरायची वेळच आली नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी माझी फाइल उघडली. सही केलेली प्रत तिथेच होती, व्यवस्थित भोकं पाडून, दोऱ्यात ओवलेली. कचेरीत आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता : सही झालेली प्रत दफ्तरी, बिनसहीची बाहेर. हात आपोआप तसेच चालले होते. दुसरं कोणी असतं तर गोंधळात चूक झाली म्हटलं असतं. माझी चूक टापटिपीने झाली होती.

फाइल घेऊन मी वर गेले. काका पाटावर बसून पेज खात होते. मी ती प्रत त्यांच्यासमोर धरली आणि मला रडू फुटलं. त्यांनी हात पुसला, स्वतःची सही नीट पाहिली आणि मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. आपण सही केली हे त्यांना कोर्टातही आठवत होतं. ती प्रत माझ्याकडे असणार हेही त्यांनी तिथेच ओळखलं होतं. मी विचारलं, मग साहेबांना तसं सांगितलं का नाहीत, सही आहे, फाइलमध्ये आहे, आणून दाखवतो म्हणून? कदाचित ऐकलं असतं त्यांनी. काका म्हणाले, "आणि कोणाच्या फायलीत आसा, ह्या इचारल्यानी असता तर?"

मग माझं रडणं थांबेना म्हणून असेल, हळूच म्हणाले, "अगो चेडवा, बरां केलंस ठेवलंस तां. निदान एक खरी प्रत आपल्याकडे तरी आसा."

तसं सांगूनही उपयोग झाला नसता, मुदत उलटून गेली होती, असं मला पुढे एका जाणत्या वकिलाने सांगितलं. पण काकांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांच्या हातात एक शेवटचं उत्तर होतं, आणि ते त्यांनी माझ्या नोकरीसाठी गिळलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातली एक वेलांटी इकडची तिकडे होऊ न देणारा माणूस भर कोर्टात स्वतःच्या सहीबद्दल खोटं बोलला. त्यानंतरची दोन वर्षं त्यांनी हा विषय माझ्यापुढे कधी काढला नाही. थट्टा मात्र पूर्वीसारखी चालू ठेवली, आणि ती चालू ठेवली म्हणून मी त्यांच्या घरात ताठ मानेने जाऊ शकले.

ते गेल्यावर काकूंनी सगळी कागदपत्रं माझ्यासमोर ठेवली. मी विचारलं, इतक्या घोळानंतरही माझ्यावर सोपवताय? त्या म्हणाल्या, "तेव्हा मी रोज देवाला सांगत होते, हे कोर्टात हरू देत आणि पेन्शन राहू दे. तर तू एकटीच स्वतःला दोष देऊ नको." अडीच वर्षं आम्ही दोघी एकाच गोष्टीचं ओझं, एकाच जिन्यावरून ये-जा करत, वेगवेगळं वाहत होतो.

सहा आठवड्यांत मी बरंच उरकलं. मृत्यूचा दाखला, पाच नकला. रेशनकार्ड. काकूंच्या नावे कुटुंब निवृत्तिवेतन, ते सुरूही झालं. बँक. सोसायटीचा भाग दाखला. प्रत्येकापुढे खूण आहे. राहिलंय ते एकच काम : मतदारयादीतून काकांचं नाव वगळण्याचा अर्ज. भरून तयार आहे, दाखल्याची नक्कल जोडलेली आहे, आणि त्या कचेरीवरून मी दोनदा तशीच पुढे गेले आहे. त्यांच्या याचिकेचं पहिलं वाक्य मी त्यांच्या सांगण्यावरून तीनदा टाइप केलं होतं, कारण त्यात एकही खाडाखोड त्यांना नको होती : अर्जदार या मतदारसंघाचा मतदार आहे. एवढ्याच एका आधारावर त्यांना तो प्रश्न विचारता आला होता. पुढच्या वर्षी पुन्हा लोकसभेची निवडणूक यायची आहे. त्याआधी अर्ज द्यायला हवा, हे मला कळतं... अजून दिलेला नाही.